दाह कमी करणारे डोळ्यांचे थेंब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, डोळ्यांचा दाह कमी करणाऱ्या थेंबांविषयी जे प्रश्न सतत येत राहतात, ते येथे साध्या प्रश्नांपासून अवघड प्रश्नांपर्यंत अशा क्रमाने एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आपल्या डॉक्टरांनी दिलेली सूचना आणि येथील मजकूर यांत फरक आढळला, तर डॉक्टरांची सूचना पाळावी आणि फरकाचे कारण त्यांनाच विचारावे.

१. डॉक्टरांनी ‘सूज कमी करणारे थेंब’ दिले आहेत. हे नेमके कोणते औषध असते?

या नावाखाली मुख्यतः दोन वेगळे गट येतात आणि आपल्या हातातली बाटली कोणत्या गटातली आहे हे माहीत असणे अत्यंत गरजेचे आहे. पहिला गट स्टिरॉइडचा: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, डायफ्लुप्रेडनेट, लोटेप्रेडनॉल, फ्ल्युओरोमेथोलोन ही त्यातली नेहमीची नावे. दुसरा गट स्टिरॉइड नसलेल्या दाहशामकांचा: केटोरोलॅक, नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक, डायक्लोफेनॅक, फ्लर्बिप्रोफेन. दुसऱ्या गटातली औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची दाह वाढवणारी द्रव्ये तयार होण्याच्या एका टप्प्यावर काम करतात. स्टिरॉइड त्याच्याही आधीच्या टप्प्यावर काम करतात, शिवाय प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही आवरतात. त्यामुळे त्यांचा परिणाम अधिक व्यापक असतो आणि त्यांचे धोकेही वेगळे असतात.

बाटलीवर कंपनीने दिलेले नाव मोठ्या अक्षरांत असते, तर औषधाचे मूळ नाव बारीक अक्षरांत छापलेले असते. ते बारीक अक्षरांतले नाव आणि त्यापुढची टक्केवारी एका कागदावर लिहून ठेवावी. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तिचा उपयोग होईल.

२. थेंब घालण्याची योग्य पद्धत कोणती? माझा निम्मा थेंब गालावरच ओघळतो.

आधी साबणाने हात धुवावेत. पापण्यांवर चिकट स्राव किंवा खपली असेल, तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने ती पुसून काढावी. मान मागे करून किंवा आडवे पडून खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढावी, म्हणजे पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक लहानशी खोलगट जागा तयार होते. नजर वर ठेवून त्या जागेत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागू देऊ नये. एकदा टोकाला जंतू लागले की ते बाटलीत शिरतात आणि पुढचा प्रत्येक थेंब त्यांना डोळ्यात नेतो. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

थेंब पडल्यावर डोळा अलगद मिटावा. घट्ट मिटल्याने किंवा वारंवार उघडझाप केल्याने औषध बाहेर ढकलले जाते. डोळा मिटलेला असतानाच डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने एक ते दोन मिनिटे हलका दाब द्यावा. तेथून अश्रुनलिका नाकात उतरते. ती दाबून धरल्यास औषध डोळ्यात जास्त वेळ टिकते आणि नाका-घशातून रक्तात कमी जाते. घशात कडवट चव येते तीही याच वाटेने.

हात थरथरत असल्यास बाटली धरलेल्या हाताचा आधार कपाळावर घ्यावा. तरीही जमत नसेल, तर आडवे पडून डोळा मिटावा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडावा आणि मग डोळा उघडावा, म्हणजे थेंब आपोआप आत जातो. मात्र त्यासाठी तो कोपरा आधी स्वच्छ पुसलेला हवा.

३. एकाऐवजी दोन थेंब घातले तर लवकर बरे वाटेल का?

नाही. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, तर डोळ्याच्या पृष्ठभागावर जास्तीत जास्त सुमारे ३० मायक्रोलिटर द्रव मावतो. म्हणजे पहिलाच थेंब डोळ्याला पुरून उरतो. दुसरा थेंब गालावर ओघळतो, नाकात उतरतो किंवा पहिल्यालाच वाहून नेतो. पहिला थेंब नक्की बाहेर पडला असेल तरच दुसरा घालावा.

४. मला तीन वेगवेगळ्या बाटल्या दिल्या आहेत. कोणती आधी घालायची आणि मध्ये किती वेळ थांबायचे?

दोन थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, कारण तेवढ्या वेळात पहिल्या औषधाचा बराचसा भाग एकतर शोषला गेलेला असतो किंवा अश्रूंबरोबर निघून गेलेला असतो. क्रमापेक्षा हे अंतर महत्त्वाचे आहे. पातळ, पाण्यासारखे थेंब आधी घालावेत, त्यानंतर हलवून वापरायचे दुधाळ थेंब, मग जेल आणि सर्वांत शेवटी मलम. मलम आधी लावल्यास त्याचा तेलकट थर पुढच्या औषधाला डोळ्यापर्यंत पोहोचू देत नाही. काचबिंदूचे थेंब आधीपासून चालू असतील, तर ते बंद न करता याच वेळापत्रकात बसवावेत.

५. बाटली हलवायची की नाही?

प्रेडनिसोलोन ॲसिटेट, फ्ल्युओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉलचे थेंब आणि नेपाफेनॅक यांत औषध विरघळलेले नसते; त्याचे बारीक कण द्रवात तरंगत असतात आणि बाटली उभी राहिली की तळाशी बसतात. न हलवता वापरल्यास सुरुवातीचे काही दिवस औषधाचे प्रमाण कमी मिळते आणि बाटली संपत आली की नको तितके जास्त. शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच आठवड्यात औषध सर्वाधिक लागते आणि नेमके तेव्हाच ते कमी पडते. त्यामुळे अशी बाटली प्रत्येक वेळी नीट हलवावी. केटोरोलॅक, ब्रोमफेनॅक, डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन फॉस्फेट यांची द्रावणे असतात, तर डायफ्लुप्रेडनेटचे इमल्शन असते. ती हलवण्याची गरज नसते. शंका असल्यास वेष्टनावरील सूचना वाचावी.

६. थेंब घातल्यावर चुरचुरते आणि काही वेळ धूसर दिसते. हे नेहमीचे आहे का?

क्षणभर चुरचुरणे नेहमीचे आहे. स्टिरॉइड नसलेल्या थेंबांनी ते जास्त जाणवते. दुधाळ थेंबांनी आणि मलमाने काही मिनिटे धूसर दिसते. नजर स्वच्छ होईपर्यंत वाहन चालवू नये. मात्र आग वाढत जाणे, पापण्या सुजणे, त्वचेवर पुरळ उठणे किंवा प्रत्येक थेंबानंतर लाली आधीपेक्षा वाढणे ही ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

७. एक वेळ थेंब घालायचा राहिला. आता काय करू?

आठवताच घालावा. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल, तर राहिलेला थेंब सोडून द्यावा आणि नेहमीचे वेळापत्रक पुढे चालू ठेवावे. दोन वेळचे थेंब एकत्र घालू नयेत. दर तासाला थेंब घालण्याची सूचना असेल, तर डोळ्यातला दाह तीव्र आहे असे समजावे आणि तेथे वरचेवर विसर पडू देऊ नये. मोबाइलवर गजर लावणे हा साधा उपाय सर्वांत चांगला चालतो.

८. डोळा आता अगदी ठीक आहे. स्टिरॉइडचे थेंब मी स्वतः बंद करू शकतो का?

करू नयेत. लाली आणि वेदना आधी जातात. डोळ्याच्या आतला दाह त्यानंतरही शिल्लक असतो आणि तो केवळ स्लिट लॅम्पखालीच (डॉक्टरांच्या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शक यंत्राखालीच) दिसतो. औषध एकदम थांबवल्यास हा दबलेला दाह उसळून येतो आणि तो आवरायला पहिल्यापेक्षा जास्त दिवस व जास्त औषध लागते. म्हणूनच थेंबांची संख्या टप्प्याटप्प्याने उतरवली जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात दिवसातून चार वेळा, दुसऱ्या आठवड्यात तीन वेळा, मग दोन आणि शेवटी एक, असा क्रम पुष्कळ डॉक्टर देतात. डोळ्याच्या आतल्या दाहात, म्हणजे युव्हिआयटिसमध्ये, हा उतार कित्येक आठवडे किंवा महिने चालू शकतो.

याच्या उलट चूकही तितकीच नेहमीची आहे: उतरवण्याचा कागद हरवतो आणि रुग्ण पहिल्याच मात्रेवर महिनोन्‌महिने राहतो. त्याचे परिणाम प्रश्न ९ मध्ये दिले आहेत. फक्त तीन-चार दिवसांसाठी दिलेले थेंब मात्र बहुधा टप्प्यांशिवाय थांबवता येतात. तसे असल्यास डॉक्टर सांगतात.

९. स्टिरॉइडच्या थेंबांनी काचबिंदू होतो हे खरे आहे का? झाला तर मला कळेल का?

खरे आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे. या पानावर आम्हांला सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट हीच आहे.

डोळ्याच्या आत एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि एका बारीक जाळीतून बाहेर झिरपतो. स्टिरॉइडमुळे काही व्यक्तींमध्ये या जाळीत बदल होतात, द्रवाची बाहेर जाण्याची वाट अरुंद होते आणि आतला दाब वाढतो. निरोगी डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. सलग काही आठवडे स्टिरॉइड घातल्यास सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये दाब थोडाफार वाढतो आणि शंभरांतल्या सुमारे पाच-सहा जणांमध्ये तो बराच वर जातो. वाढ बहुधा दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसते. तीव्र स्टिरॉइड असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर त्याआधीही.

हा दाब सहसा हळूहळू चढतो, त्यामुळे डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि समोरचे स्पष्ट दिसत राहते. उलट औषधाने डोळा शांत झालेला असल्यामुळे तो पूर्वीपेक्षा बरा वाटतो. वाढलेल्या दाबाने दृष्टिचेतेला, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, इजा होते; हाच काचबिंदू. दृष्टीच्या कडेचा भाग झिजत जातो आणि तो बराच गेल्यावरच माणसाच्या लक्षात येते. वेळीच थेंब थांबवले तर दाब साधारणपणे एक ते चार आठवड्यांत खाली येतो. मात्र तोपर्यंत दृष्टिचेतेचे जे नुकसान झाले असेल ते भरून येत नाही, आणि औषध फार काळ चालले असेल तर दाबही कायमचा वाढलेला राहू शकतो. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हा दाब न तपासण्याचा आधार होऊ शकत नाही. दाब यंत्रानेच मोजावा लागतो.

दीर्घ वापराने नेत्रमण्याच्या (डोळ्यातल्या भिंगाच्या) मागच्या बाजूस मोतीबिंदूही तयार होतो. उजेडात डोळे दिपणे आणि जवळचे वाचताना अडचण येणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे आहेत. तो औषध थांबवल्याने जात नाही.

१०. मग दाब केव्हा तपासायचा? कोणाला जास्त धोका असतो?

स्टिरॉइडचे थेंब दहा दिवस किंवा त्याहून अधिक काळ चालणार असतील, तर दाब तपासला गेला पाहिजे. त्यानंतर किती अंतराने तपासायचा हे डॉक्टर ठरवतात. स्वतःला काचबिंदू असलेले, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला तो असलेले, मधुमेह, संधिवात किंवा चष्म्याचा मोठा उणे नंबर असलेले रुग्ण आणि लहान मुले यांना धोका अधिक असतो. यांपैकी काही लागू असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे. दम्याचा स्टिरॉइड इन्हेलर, नाकातला स्टिरॉइड फवारा, स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पापण्यांवर लावले जाणारे स्टिरॉइडचे मलम चालू असेल तर तेही सांगावे, कारण या सर्वांचा परिणाम डोळ्यात एकत्र होतो.

११. गेल्या वर्षीची बाटली उरली आहे आणि डोळा पुन्हा लाल झाला आहे. तेच थेंब घालू का?

कृपया घालू नयेत. डोळा लाल होण्याची कारणे अनेक असतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. गेल्या वेळी ॲलर्जी असेल आणि या वेळी संसर्ग असेल, तर तीच बाटली या वेळी घातक ठरू शकते.

नागीणवर्गीय विषाणू, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स, पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, झाडाच्या फांद्यांसारखी जखम करतो. एक डोळा लाल होतो, पाणी येते, खुपते; आरशात पाहून ती जखम ओळखता येत नाही. अशा डोळ्यात स्टिरॉइड गेले की प्रतिकारशक्ती दबते, विषाणू मोकाट वाढतो आणि जखम पसरते. बुरशीच्या संसर्गात असेच घडते. पान, काडी किंवा माती डोळ्याला लागल्यानंतर काही दिवसांनी डोळा लाल झाला आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला, तर तेथे स्टिरॉइड घालणे म्हणजे बुरशीला मोकळे रान देणे होय. या परिस्थितीत सर्वांत फसवी गोष्ट अशी की पहिले एक-दोन दिवस लाली आणि वेदना खरोखरच कमी होतात, रुग्ण निश्चिंत होतो आणि आत पारपटल विरघळत राहते.

साथीने ‘डोळे येतात’ तेव्हा बहुधा ॲडिनोव्हायरस कारणीभूत असतो आणि तो साधारण दोन ते तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. त्यात विनाकारण स्टिरॉइड घातल्यास विषाणू डोळ्यात जास्त दिवस टिकतो आणि इतरांना संसर्ग होण्याचा काळही लांबतो.

१२. पण माझ्या नातेवाइकाला डोळ्याच्या हर्पिसवरच स्टिरॉइडचे थेंब दिले आहेत. हे प्रश्न ११ च्या उलट नाही का?

वरवर तसे वाटते. हर्पिस पारपटलाच्या वरच्या थरात जखम करतो तेव्हा स्टिरॉइड वर्ज्य असते. तोच आजार पारपटलाच्या आतल्या थरात पोहोचतो तेव्हा तेथील हानी पुष्कळशी शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे होते, आणि तो दाह आवरण्यासाठी विषाणुरोधक औषधाच्या जोडीने, वारंवार तपासत, स्टिरॉइड दिले जाते. कोणता थर बाधित आहे हे रंगद्रव्य घालून स्लिट लॅम्पखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. अशा रुग्णाने विषाणुरोधक गोळ्या मध्येच बंद करून केवळ थेंब चालू ठेवणे धोक्याचे आहे.

१३. प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब तरी सुरक्षित असतील ना?

टोब्रामायसिन आणि डेक्सामेथासोन यांसारख्या जोड्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पापणीच्या कडांच्या काही आजारांत उपयोगी पडतात. परंतु प्रतिजैविक केवळ जिवाणूंवर काम करते. विषाणू आणि बुरशी यांच्यापुढे ते निष्प्रभ असते, आणि त्या वेळी बाटलीतले स्टिरॉइड मात्र आपले काम करतच राहते. दाब वाढण्याचा धोकाही साध्या स्टिरॉइडइतकाच असतो. औषधाच्या नावात प्रतिजैविक आधी येते म्हणून ही बाटली ‘साधी’ समजली जाते, ही समजूत सोडून द्यावी.

१४. माझ्या मुलाचे डोळे दरवर्षी ठरावीक ऋतूत खाजतात. एका थेंबाने लगेच बरे वाटते म्हणून तोच परत परत आणतो. चालेल का?

तो थेंब स्टिरॉइडचा असेल तर अजिबात चालणार नाही, आणि ‘एका थेंबाने लगेच’ या वर्णनावरून तो स्टिरॉइडचाच असण्याची शक्यता आहे. आजच बाटलीवरचे मूळ नाव पाहावे.

मुलांमधील हंगामी ॲलर्जीचा एक तीव्र प्रकार, व्हर्नल केराटोकंजक्टिव्हायटिस, साधारणपणे शाळकरी वयात, विशेषतः मुलग्यांमध्ये दिसतो. खाज असह्य असते, उजेड सहन होत नाही, दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो आणि मूल सतत डोळे चोळते. स्टिरॉइडने या सगळ्याला इतका झटपट उतार पडतो की पालकांचा विश्वास त्या बाटलीवर बसतो, आणि यात पालकांचा दोष मानता येणार नाही. खाजेने हैराण झालेले मूल शांत झोपते हे पाहून कोणालाही तसेच वाटेल. परंतु हा आजार वर्षानुवर्षे परत येतो, बाटल्या साठत जातात, दाब कोणीच मोजत नाही आणि कळत्या वयात आलेल्या मुलाची कडेची दृष्टी गेलेली आढळते. मुले ‘बाजूचे दिसत नाही’ अशी तक्रार करत नाहीत, कारण दृष्टी कशी असावी याचे त्यांना दुसरे मापच नसते.

या आजारावर स्टिरॉइडविना राहण्याचे मार्ग आहेत. ओलोपाटाडिनसारखे ॲलर्जीरोधक थेंब हंगाम सुरू होण्याआधीपासून नियमित घालणे, थंड पाण्याच्या पट्ट्या, डोळे चोळण्याची सवय मोडणे, आणि तीव्र आजारात सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस. उद्रेकाच्या वेळी डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइड देतातही, आणि ते योग्यच असते. मात्र प्रत्येक वेळी संपण्याची तारीख ठरलेली असावी आणि दाब मोजलेला असावा. आजवर बरेच महिने स्टिरॉइड घातले गेले असेल, तर ही गोष्ट न लपवता सांगून मुलाची पूर्ण तपासणी करून घ्यावी. लहान मुलांच्या शरीराच्या मानाने एक थेंबही मोठा असतो, म्हणून प्रश्न २ मध्ये सांगितलेला कोपरा दाबण्याचा उपाय त्यांच्या बाबतीत आवर्जून करावा.

१५. माझे थेंब केटोरोलॅकचे आहेत, त्यात स्टिरॉइड नाही. मग हवे तितके दिवस घातले तर काय बिघडते?

या गटाने दाब वाढत नाही हे बरोबर आहे, पण त्याचा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. ही औषधे पारपटलाची संवेदना कमी करतात आणि जखम भरण्याचा वेग मंदावतात. दीर्घ वापराने क्वचित पारपटल पातळ होते, त्यावर जखमा होतात आणि अत्यंत वाईट स्थितीत ते विरघळून भोक पडते. असे प्रकार घडल्यामुळे १९९९ मध्ये अमेरिकेत डायक्लोफेनॅकचे एक जेनेरिक डोळ्यांचे औषध बाजारातून मागे घेण्यात आले होते. मधुमेह, संधिवात, डोळ्यांचा कोरडेपणा, आधीच पारपटलाचा आजार असलेले आणि थोड्या काळात त्याच डोळ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांनी विशेष जपावे. शस्त्रक्रियेनंतर चौदा दिवसांपलीकडे वापर गेल्यास पारपटलाचे धोके वाढू शकतात, असा इशारा यांतील काही औषधांच्या माहितीपत्रकातच असतो. त्याहून जास्त काळ देण्याची कारणे असतात (प्रश्न १६), पण तो निर्णय डोळा तपासून घ्यायचा असतो.

आणखी एक गोष्ट: ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामकांनी ज्यांना दमा उसळतो किंवा अंगावर गांधी उठतात, त्यांना या थेंबांनीही तसा त्रास होऊ शकतो. थेंबच तर आहेत, असे समजून ही माहिती सांगायची टाळू नये.

१६. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही गटांतले थेंब दिले आहेत. एक पुरला नसता का?

शस्त्रक्रियेनंतर दृष्टिपटलाच्या मध्यभागी पाणी साचून नजर पुन्हा मंदावू शकते; हे बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसते. दोन्ही गट वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करत असल्याने ही सूज टाळण्यासाठी किंवा आलेली उतरवण्यासाठी त्यांची जोडी दिली जाते, विशेषतः मधुमेही रुग्णांना. दोन्हींच्या थांबवण्याच्या तारखा वेगवेगळ्या असतात, त्या बाटलीवरच लिहून ठेवाव्यात.

१७. कॉन्टॅक्ट लेन्स लावून थेंब घालता येतील का?

डोळ्यात दाह असताना लेन्स लावूच नये. डॉक्टरांनी परवानगी दिली असल्यास लेन्स काढून थेंब घालावेत आणि किमान पंधरा मिनिटांनी लेन्स पुन्हा लावावी, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइड हे बऱ्याच थेंबांतले परिरक्षक द्रव्य मऊ लेन्समध्ये शोषले जाते आणि नंतर पारपटलाला त्रास देत राहते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी स्वतः लावलेली पट्टीवजा लेन्स हा अपवाद आहे. ती काढायची नसते, थेंब तिच्यावरूनच घालायचे असतात.

१८. उघडलेली बाटली किती दिवस चालते? फ्रीजमध्ये ठेवायची का?

बहुतेक बाटल्या उघडल्यानंतर चार आठवड्यांनी टाकून द्याव्यात, मग छापील मुदत कितीही पुढची असो आणि औषध कितीही उरलेले असो. परिरक्षक नसलेल्या एकवेळच्या कुप्या उघडल्यावर लगेच वापराव्यात आणि उरलेले औषध फेकावे. फ्रीजची गरज वेष्टनावर लिहिलेली असेल तरच. गोठू मात्र कधीच देऊ नये. ऊन लागणारी खिडकी आणि बंद गाडी या जागा टाळाव्यात. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी.

१९. औषधाच्या दुकानात लिहून दिलेले थेंब नव्हते, म्हणून ‘तसेच’ दुसरे मिळाले. वापरू का?

मूळ नाव, क्षाराचे नाव आणि टक्केवारी तंतोतंत तीच असेल तर वापरता येते. अन्यथा आधी डॉक्टरांना विचारावे. प्रेडनिसोलोन ॲसिटेट पारपटलातून आत चांगले झिरपते, प्रेडनिसोलोन फॉस्फेट तितके नाही. डोळ्याच्या आतल्या दाहात डायफ्लुप्रेडनेटच्या दिवसातल्या चार थेंबांनी प्रेडनिसोलोन ॲसिटेटच्या आठ थेंबांइतका परिणाम साधतो. तेव्हा नाव बदलून थेंबांची संख्या तीच ठेवली, तर औषध दुप्पट किंवा निम्मे होऊ शकते.

२०. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना हे थेंब चालतात का?

गरोदर असल्याचे किंवा तशी शक्यता असल्याचे आधी सांगावे. स्टिरॉइड नसलेले थेंब गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत टाळतात, कारण या गटातील औषधांनी गर्भाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. स्टिरॉइडचे थेंब गरज असल्यास कमीत कमी मात्रेत दिले जातात. पाजणाऱ्या मातांनी थेंब घातल्यावर डोळ्याचा कोपरा दाबून धरावा.

२१. दुसऱ्या आजारांची औषधे चालू आहेत. थेंबांचा त्यांच्याशी संबंध येतो का?

थेंबांतून रक्तात जाणारे औषध थोडे असते, त्यामुळे बहुतेकांना अडचण येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी किंवा रक्तस्रावाचा विकार असलेल्यांनी स्टिरॉइड नसलेले थेंब सुरू करण्यापूर्वी तसे सांगावे. एचआयव्हीच्या उपचारातील रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट या औषधांमुळे शरीरातून स्टिरॉइडचा निचरा मंदावतो आणि थेंबांतले स्टिरॉइडही साठू शकते. अनेक आठवडे वारंवार थेंब चालू असलेल्या मधुमेही रुग्णांनी साखरेवर लक्ष ठेवावे.

२२. लेसर करून चष्म्याचा नंबर घालवला आहे. दाब मोजला तर नेहमीसारखा आला, तरी डॉक्टर समाधानी नाहीत. का?

लेसिकनंतर, म्हणजे नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेनंतर, पारपटल पातळ झालेले असते, त्यामुळे यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. क्वचित स्टिरॉइडने दाब इतका वाढतो की लेसिकने केलेल्या पातळ झडपेखाली द्रव साचतो, आणि मग मोजलेला आकडा फसवा, अगदी कमीही येतो. बाहेरून हे चित्र साध्या दाहासारखे दिसते आणि स्टिरॉइड वाढवण्याचा मोह होतो, जे नेमके चुकीचे ठरते. म्हणून दाब पारपटलाच्या मध्यभागाऐवजी कडेला किंवा वेगळ्या यंत्राने मोजतात. पूर्वी लेसर झालेले असल्यास, ते कितीही वर्षांपूर्वीचे असो, नव्या डॉक्टरांना अवश्य सांगावे.

२३. कोणत्या लक्षणांवर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच जायचे?

नजर अचानक कमी होणे, वेदना वाढत जाणे, उजेड असह्य होणे, बुबुळावर पांढरा डाग दिसणे, पिवळसर पू येणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसून डोके दुखणे व मळमळणे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नजर मंदावत जाऊन डोळा दुखू लागल्यास आतला संसर्ग असू शकतो. तेव्हा तासांनाही महत्त्व असते, रात्र असली तरी निघावे. कानाचे थेंब, गोंद किंवा दुसरेच काही चुकून डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि ती बाटली सोबत घेऊन जावे. चिकटलेल्या पापण्या ओढून उघडू नयेत.

२४. मला युव्हिआयटिस आहे. थेंबांनी दाब वाढतो आणि थेंब कमी केले की दाह उसळतो. मग करायचे काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची कोंडी खरी आहे आणि तिचे उत्तर घरी बसून काढता येण्यासारखे नाही. वाढलेला दाब दर वेळी औषधामुळेच असतो असे नाही: डोळ्यातला द्रव जिच्यातून बाहेर झिरपतो ती जाळी (प्रश्न ९) दाहानेही सुजते, विशेषतः हर्पिसवर्गीय विषाणूंमुळे झालेल्या युव्हिआयटिसमध्ये, आणि तेथे थेंब कमी केल्यास दाब उतरण्याऐवजी आणखी चढतो. म्हणून दाबाचा आकडा ऐकून स्वतः थेंब बंद करू नयेत.

डॉक्टरांपुढे अनेक वाटा असतात. दाब कमी करणारे थेंब जोडणे, लोटेप्रेडनॉल किंवा फ्ल्युओरोमेथोलोनसारख्या दाब तुलनेने कमी वाढवणाऱ्या स्टिरॉइडकडे वळणे (मात्र डोळ्याच्या आतल्या तीव्र दाहात ती अपुरी पडू शकतात), किंवा दाह वारंवार येत असल्यास मेथोट्रेक्सेट, अडालिमुमॅब यांसारख्या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांनी तो मुळातून आवरून थेंबांची गरजच घटवणे. आपल्याकडून करण्यासारखे एक काम मोलाचे आहे: एका वहीत तारीख, त्या दिवशीची थेंबांची संख्या आणि तपासणीत आलेला दाब अशा तीन रकान्यांची नोंद ठेवावी आणि प्रत्येक भेटीला ती वही न्यावी. किती थेंबांवर दाह शांत राहतो आणि किती थेंबांवर दाब चढू लागतो, हे त्या तीन रकान्यांतून डॉक्टरांना चटकन दिसते.